मानेतील रोहिणीचा अहवाल कसा वाचावा

मानेच्या रक्तवाहिन्यांची डॉप्लर तपासणी केल्यानंतर हाती येणारा अहवाल बहुधा इंग्रजीत असतो. त्यात आकडे पुष्कळ असतात आणि अखेरीस ‘उजव्या रोहिणीत सत्तर टक्क्यांहून अधिक अरुंदता’ अशा आशयाचे एखादे वाक्य असते. ते वाचून काही घरांत त्याच रात्री शस्त्रक्रियेची चर्चा सुरू होते, तर काही घरांत ‘आता काहीच त्रास नाही’ असे म्हणून तो लिफाफा कपाटात जातो. घाई आणि दुर्लक्ष या दोहोंचे मूळ एकच आहे. वाचणाऱ्याचे सारे लक्ष त्या एका टक्केवारीवर खिळते आणि अहवालात नसलेला, पण टक्केवारीहून महत्त्वाचा प्रश्न विचारायचा राहून जातो. हा अहवाल मुळात कशामुळे काढावा लागला, हा तो प्रश्न होय.

कंठमण्याच्या उजव्या व डाव्या बाजूस बोट हलकेच टेकवले असता ठोका जाणवतो. (दोन्ही बाजू एकाच वेळी दाबू नयेत. त्याने भोवळ येऊ शकते.) हा ठोका कॅरोटिड रोहिणीचा. तिचे नाव गुंगी या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले, कारण या वाहिन्या दाबल्या असता माणूस निश्चेष्ट होतो हे प्राचीन वैद्यांनाही ठाऊक होते. जबड्याच्या थोडे खाली ही रोहिणी दुभंगते. एक फाटा चेहरा व टाळूकडे जातो, त्याला बाह्य शाखा म्हणतात. दुसरा फाटा मेंदू आणि डोळा यांना रक्त पुरवतो, ती आंतर शाखा. अहवालातील ‘सी.सी.ए.’ म्हणजे मूळ रोहिणी, ‘ई.सी.ए.’ म्हणजे बाह्य शाखा आणि ‘आय.सी.ए.’ म्हणजे आंतर शाखा. आपली नजर मुख्यत्वे आय.सी.ए.च्या ओळीवर असावी.

रोहिणी जेथे दुभंगते तेथे रक्ताचा प्रवाह भोवऱ्यासारखा घोटाळतो आणि नेमक्या याच ठिकाणी वर्षानुवर्षे चरबी, चुना व दाहाच्या पेशी यांचा थर साचतो. त्यालाच ‘प्लाक’ म्हणतात. पुष्कळांचा समज असा असतो की, वाहिनी अरुंद झाली, मेंदूला रक्त कमी पडले आणि म्हणून झटका आला. असे क्वचित घडते. बहुतेक वेळा या थराचा पृष्ठभाग फाटतो, त्यावर रक्ताची गुठळी जमते, ती सुटून वर वाहत जाते आणि मेंदूतील लहान वाहिनीत अडकते. म्हणून रोहिणीतील थर हा केवळ अडथळा नसून गुठळ्या सोडणारे उगमस्थान आहे, असे समजावे. हे एक ध्यानात ठेवले की पुढील पुष्कळ गोष्टी आपोआप उलगडतात.

आकडे काय सांगतात

डॉप्लर यंत्र अरुंदता थेट मोजत नाही. ते रक्ताचा वेग मोजते. बागेतील पाण्याच्या नळीच्या तोंडावर अंगठा धरला की धार जोरात उडते. तसेच रोहिणी जेथे अरुंद होते तेथे रक्ताचा वेग वाढतो. हृदय आकुंचन पावत असतानाचा सर्वाधिक वेग म्हणजे ‘पी.एस.व्ही.’, हृदय विसावत असतानाचा वेग म्हणजे ‘ई.डी.व्ही.’, आणि आंतर शाखेतील वेगाला मूळ रोहिणीतील वेगाने भागले असता मिळते ते गुणोत्तर.

अमेरिकेतील सोनोग्राफी तज्ज्ञांच्या एका मंडळाने २००३ साली प्रसिद्ध केलेले निकष आजही अनेक केंद्रांत वापरले जातात. त्यांनुसार आय.सी.ए. मधील पी.एस.व्ही. सेकंदाला १२५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर अरुंदता ५० टक्क्यांच्या आत धरतात. १२५ ते २३० हा वेग ५० ते ६९ टक्के अरुंदता दर्शवतो. वेग २३० च्या वर, गुणोत्तर ४ च्या वर आणि ई.डी.व्ही. १०० च्या वर असेल तर ती ७० टक्के वा त्याहून अधिक मानली जाते.

समजा, अडुसष्ट वर्षांच्या एका गृहस्थांच्या अहवालात उजव्या आय.सी.ए.चा पी.एस.व्ही. २८०, ई.डी.व्ही. ११० आणि गुणोत्तर ४.५ आहे. तिन्ही आकडे एकाच दिशेला बोट दाखवतात, तेव्हा उजवीकडील अरुंदता तीव्र आहे याविषयी फारशी शंका उरत नाही. डावीकडे मात्र पी.एस.व्ही. १४०, ई.डी.व्ही. ३५ आणि गुणोत्तर १.६ असून थर अगदी किरकोळ दिसतो. केवळ पहिला आकडा पाहिला तर डावी बाजूही ५० टक्क्यांच्या पुढे गेली असे वाटेल. पण उजवीकडची वाट अडली की डाव्या रोहिणीवर भार वाढतो, तिच्यातून अधिक रक्त धावते आणि वेग वाढलेला दिसतो. येथे गुणोत्तर २ च्या आत आहे, ही गोष्ट निर्णायक ठरते. ‘दोन्ही बाजू बंद होत आल्या’ असे म्हणत घाबरलेल्या कुटुंबाला या एका गुणोत्तराने पुष्कळ धीर मिळू शकतो. म्हणून डॉक्टरांना हा प्रश्न अवश्य विचारावा.

याच्या उलटही घडते. रोहिणी अगदी केसाएवढी उरली की तिच्यातून वाहायला रक्तच कमी राहते आणि वेग पुन्हा खाली येतो. हृदय दुर्बळ असेल किंवा त्याची झडप अरुंद असेल तरीही वेग कमी भरतो. अशा वेळी अहवालातील आकडे सौम्य दिसतात, पण रोग सौम्य नसतो. अहवालाच्या तळाशी जवळजवळ नेहमी छापलेली ‘लक्षणांशी पडताळून पाहावे’ ही सूचना उगाच नसते.

आणखी एक घोटाळा टक्केवारीचाच आहे. वाहिनीचा व्यास निम्मा झाला तर तिच्या तोंडाचे क्षेत्रफळ पाऊण भागाने घटते, म्हणजे व्यासाने ५० टक्के असलेली अरुंदता क्षेत्रफळाने ७५ टक्के भरते. व्यासाने ७० टक्के म्हणजे क्षेत्रफळाने ९१ टक्के. एका केंद्राने क्षेत्रफळ लिहिले व दुसऱ्याने व्यास लिहिला, तर रोग न वाढताही दोन अहवालांत मोठी तफावत दिसते. उपचारांचे निर्णय व्यासाच्या टक्केवारीवर घेतले जातात. अहवालात ‘डायमीटर’ असे लिहिले आहे की ‘एरिया’, हे पाहून घ्यावे. स्पष्ट लिहिलेले नसेल तर केंद्रात जाऊन विचारावे. हा रुग्णाचा अधिकार आहे आणि विचारण्यात संकोच करण्याचे कारण नाही.

‘आय.एम.टी.’ नावाचा एक आकडाही अहवालात आढळतो. तो रोहिणीच्या भिंतीच्या आतील दोन थरांची जाडी दर्शवतो. वयाबरोबर ती वाढतेच. ती किंचित वाढलेली असणे म्हणजे रोहिणी बंद होणे नव्हे.

लक्षण होते की नव्हते

आता त्या मूळ प्रश्नाकडे वळू. गेल्या सहा महिन्यांत त्या रोहिणीशी जुळणारे लक्षण दिसले होते का? उजवी रोहिणी मेंदूच्या उजव्या भागाला रक्त देते आणि मेंदूचा उजवा भाग शरीराची डावी बाजू चालवतो. म्हणून उजव्या रोहिणीचा दोष डाव्या हातापायाची शक्ती जाण्यात, डावा हात बधिर होण्यात किंवा चेहरा डावीकडे ओघळण्यात दिसतो. डाव्या रोहिणीच्या दोषात उजव्या अंगासोबत बहुधा बोलणेही बिघडते. डोळ्याचे मात्र वेगळे आहे. ज्या बाजूची रोहिणी, त्याच बाजूचा डोळा. एका डोळ्यासमोर वरून पडदा उतरल्यासारखा अंधार येतो आणि काही मिनिटांनी दृष्टी परत येते.

हे शेवटचे लक्षण सर्वांत अधिक दुर्लक्षिले जाते. दुखत नाही, पाच मिनिटांत सारे पूर्ववत होते, मग चष्म्याचा नंबर बदलला असेल असे वाटून माणूस महिनाभराने नेत्रतज्ज्ञाकडे जातो. वास्तविक अशा क्षणिक झटक्यानंतर मोठा झटका येण्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत सर्वाधिक असतो आणि पहिले काही आठवडे तो चढाच राहतो. लक्षण ओसरले म्हणून संकट टळले असे मुळीच नाही. अशा वेळी त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जावे.

भोवळ, डोके हलके वाटणे, मान आखडणे, कानात आवाज येणे या तक्रारींसाठीही पुष्कळदा डॉप्लर करवली जाते. एका कॅरोटिड रोहिणीच्या अरुंदतेमुळे या तक्रारी सहसा होत नाहीत. भोवळीसाठी केलेल्या तपासणीत ६० टक्के अरुंदता आढळली, तर ती भोवळीचे कारण नसून योगायोगाने हाती लागलेली वेगळी गोष्ट असण्याचीच शक्यता अधिक. तिची दखल घ्यावी, पण शस्त्रक्रियेने भोवळ जाईल अशी आशा धरू नये.

लक्षणांनी किती फरक पडतो, हे दोन जुन्या पण भक्कम अभ्यासांवरून कळते. अमेरिका व कॅनडा येथे झालेल्या आणि १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लक्षणे दिसलेले व ७० ते ९९ टक्के अरुंदता असलेले रुग्ण घेतले होते. केवळ औषधांवर ठेवलेल्या १०० रुग्णांपैकी २६ जणांना दोन वर्षांत त्याच बाजूचा झटका आला, तर शस्त्रक्रियेने थर काढलेल्या १०० पैकी ९ जणांना. म्हणजे साधारण सहा शस्त्रक्रियांमागे एक झटका टळला. वैद्यकशास्त्रात हा फार मोठा लाभ होय. लक्षणे नसलेल्या, ६० टक्के वा अधिक अरुंदतेच्या रुग्णांवरील १९९५ सालच्या अभ्यासात पाच वर्षांत हे प्रमाण १०० मध्ये ११ विरुद्ध ५ असे निघाले. लाभ होता, पण लहान आणि सावकाश मिळणारा. शिवाय त्या काळी आजची प्रभावी औषधे सर्रास दिली जात नव्हती. आता औषधांवर असलेल्यांचा धोकाही पूर्वीपेक्षा घटला आहे.

म्हणून लक्षणांसह तीव्र अरुंदता असेल तर शस्त्रक्रियेचा निर्णय दिवसांत व्हावा, महिन्यांत नव्हे. लक्षणानंतर दोन आठवड्यांच्या आत केलेल्या शस्त्रक्रियेचा लाभ सर्वाधिक असतो. ‘गावाकडचे कार्य आटोपून येऊ’ किंवा ‘मुलगा सुट्टी घेऊन आला की पाहू’ असे म्हणण्याची ही वेळ नव्हे. आणि लक्षणे नसताना अरुंदता आढळली असेल, तर कोणी दुसऱ्याच दिवशी स्टेंट बसवण्याचा आग्रह धरला तरी दुसरे मत घेण्यास पुरेसा अवधी आहे.

शंभर टक्के बंद असेल तर

९० टक्के बंद रोहिणीसाठी धावपळ करणारे डॉक्टर १०० टक्के बंद रोहिणीला हात लावत नाहीत, हे पाहून नातेवाईक चकित होतात, कधी रागावतातही. यात निष्काळजीपणा नाही. पूर्ण बंद झालेल्या रोहिणीतून रक्तच जात नाही, त्यामुळे तिच्यातून गुठळी सुटून वर जाण्याचा धोका बराच कमी होतो. उलट ती उघडण्याच्या प्रयत्नात आत साचलेली गुठळी मेंदूत जाऊ शकते. मेंदूच्या तळाशी चार रोहिण्यांचे रक्त एकत्र आणणारे वाहिन्यांचे एक कडे असते. इंग्लंडचे वैद्य थॉमस विलिस यांनी १६६४ साली त्याचे सविस्तर वर्णन केले. एक वाट बंद झाली तर या कड्यातून दुसऱ्या बाजूचे रक्त वळवले जाते. रोहिणी हळूहळू बंद झाली असेल तर काहींना ती कधी बंद झाली याचा पत्ताही लागत नाही.

मात्र ‘पूर्ण बंद’ आणि ‘जवळजवळ बंद’ यांतील भेद डॉप्लरमध्ये चुकू शकतो आणि दोहोंचा उपचार वेगळा आहे. म्हणून अहवालात पूर्ण अडथळा लिहिला असेल तर सी.टी. अँजिओग्राफीने त्याची खात्री करून घेतली जाते. या तपासणीत शिरेतून औषध सोडतात, त्यामुळे आधी क्रिएटिनिन तपासून मूत्रपिंडाची स्थिती पाहतात. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असाल तर ते आधी सांगावे. एम.आर. अँजिओग्राफीत अरुंदता प्रत्यक्षापेक्षा अधिक दिसण्याचा संभव असतो, हेही जाणून असावे.

आपल्याकडे विशेष काय पाहावे

पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत आशियातील लोकांत, भारतीयांतही, कवटीच्या आतील वाहिन्या अरुंद होण्याचे प्रमाण अधिक आहे. मानेची डॉप्लर तेथवर पोहोचत नाही. झटका येऊन गेलेला असताना मानेचा अहवाल निर्दोष आला, तर ‘सर्व ठीक आहे’ असे मानून तपास थांबवू नये. आतील वाहिन्यांची तसेच हृदयाचीही तपासणी आवश्यक असते.

रुग्ण तरुण स्त्री असेल, एका हाताची नाडी मंद लागत असेल किंवा दोन हातांच्या रक्तदाबात मोठा फरक येत असेल, तर रोहिणीची भिंत सुजवणारा ताकायासू नावाचा आजार ध्यानात घ्यावा लागतो. तो भारतात दुर्मीळ असला तरी अपरिचित नाही. त्याचा उपचार अगदी निराळा आहे.

केशकर्तनालयात दाढीनंतर मान झटक्याने फिरवून ‘कट्’ असा आवाज काढण्याची पद्धत दिल्लीतही आहे आणि पुण्या-मुंबईतही. या झटक्याने रोहिणीचे आतील अस्तर फाटू शकते आणि त्यातून तरुणांनाही पक्षाघात होऊ शकतो. मालीश खुशाल करून घ्यावी, पण मान फिरवू देऊ नये. ज्यांच्या अहवालात थर आढळला आहे त्यांनी मानेवर जोरकस मालीशही टाळावी.

औषधे व दिनचर्या

शस्त्रक्रिया होवो वा न होवो, औषधे चुकत नाहीत. रक्त गोठू न देणारी अॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल, चरबी घटवून थर स्थिर करणारे स्टॅटिन आणि रक्तदाबाची गोळी ही बहुतेकांची यादी असते. ‘कोलेस्टेरॉल तर नॉर्मल आले, मग ही गोळी कशाला?’ हा प्रश्न दवाखान्यात नेहमी ऐकू येतो. सामान्य अहवालावर छापलेली मर्यादा निरोगी माणसासाठी असते. थर असलेल्या व झटका येऊन गेलेल्या रुग्णात एल.डी.एल. ७० च्या खाली आणण्याचा प्रयत्न केला जातो. दात काढायचा आहे म्हणून किंवा पोटात जळजळते म्हणून अॅस्पिरिन परस्पर बंद करू नये. आधी विचारावे. हीच औषधे जनऔषधी केंद्रांत पुष्कळ कमी दरात मिळतात.

तंबाखू कोणत्याही रूपात नको. सिगारेट व बिडी तर नाहीच, पण दात घासण्याच्या निमित्ताने दिवसातून तीनदा लावली जाणारी मशेरीही तंबाखूच आहे. घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया ती व्यसन म्हणून मोजत नाहीत आणि डॉक्टरही विचारत नाहीत. सोडण्यासाठी मदत हवी असल्यास १८००-११-२३५६ या राष्ट्रीय सेवेला विनाशुल्क दूरध्वनी करता येतो. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर असावे. त्यात लोणचे, पापड व चटणी यांतील मीठही आले. दिल्लीच्या हिवाळ्यात थंडीने रक्तदाब चढतो, तेव्हा डिसेंबर-जानेवारीत तो घरी अधिक वेळा मोजावा. धुके व धूर दाट असताना पहाटेच्या फेरीसाठी बाहेर न पडता घरातच चालावे.

शस्त्रक्रिया सुचवली गेली, तर आपल्या पथकाच्या अशा रुग्णांत महिनाभराच्या आत झटका वा मृत्यू किती जणांना येतो, हे शल्यचिकित्सकांना विचारावे. लक्षणे असलेल्यांत हे प्रमाण १०० मध्ये ६ पेक्षा कमी आणि लक्षणे नसलेल्यांत ३ पेक्षा कमी असावे, असा संकेत आहे. अनुभवी चिकित्सकाला या प्रश्नाचा राग येत नाही. खर्चासाठी आयुष्मान भारत योजनेची चौकशी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे करावी. दिल्ली २०२५ साली या योजनेत सहभागी झाली असून, सत्तर वर्षे पूर्ण केलेल्यांना उत्पन्नाची अट नसलेले स्वतंत्र कार्ड मिळते.

फेरतपासणी डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे, साधारण सहा महिने ते वर्षभराने होते. ती शक्यतो त्याच केंद्रात करावी आणि मागील अहवाल, चित्रे व सी.डी. सोबत न्यावी. वेगवेगळ्या यंत्रांवरील आकड्यांची तुलना फसवी असते.

चेहरा वाकडा होणे, हात वर न राहणे, बोलणे अडखळणे किंवा एका डोळ्याची दृष्टी अचानक जाणे यांपैकी काहीही दिसले, तर ११२ किंवा १०८ वर, दिल्लीत १०२ वरही, तत्काळ रुग्णवाहिका मागवावी. रुग्ण शेवटचा ठणठणीत केव्हा दिसला ती वेळ कागदावर लिहून घ्यावी, कारण गुठळी विरघळवणारे औषध साडेचार तासांच्या आतच देता येते. तोंडावाटे पाणी, चहा वा गोळी देऊ नये. अॅस्पिरिनही नाही, कारण झटका रक्तस्रावाचाही असू शकतो आणि ते सी.टी. स्कॅनशिवाय कळत नाही. डॉप्लरचा अहवाल व चालू औषधांची यादी एकाच पिशवीत, घरातील सर्वांना ठाऊक असलेल्या जागी ठेवावी आणि रुग्णवाहिकेत सोबत घ्यावी.